तारीख हाय, वार कुटं हाय?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव माननीय रामहरी अण्णा, मंचावरच्या प्राचार्या मॅडम, आजी-माजी प्राध्यापक, कार्यालयातली मंडळी, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते भौतिकशास्त्र विभागाचे प्रयोगशाळा सहायक श्री. महादेवप्पा हत्तुरे, म्हणजे आपले हत्तुरे सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या कमलम्मा काकू, माझे विद्यार्थी मित्रमैत्रिणी, आणि पुढं बसा म्हणून तीनदा विनवूनही अगदी शेवटच्या रांगेत जाऊन बसलेले माझे आई-वडील, नागनाथ आणि विठाबाई शिवशरण. सर्वांना दीक्षाचा सविनय नमस्कार आणि जय भीम.

सुरुवातीलाच एक विनंती करते. डावीकडच्या खांबावरची ती ट्यूबलाइट कुणी बंद करेल का? तिचा चोक गेलाय आणि माइकमध्ये तिची गुणगुण येतेय. तुम्हाला कदाचित जाणवत नसेल, पण मला दुसरं काही सुचत नाही. गेली सात वर्षं माझं कामच ते आहे, नको ते आवाज ओळखायचे आणि बाजूला काढायचे. ... आभारी आहे, दादा. आता जरा बरं वाटतंय.

मला पंधरा मिनिटं दिली आहेत. मी पाच पानं लिहून आणली आहेत. पहिली तीन पानं ठीक आहेत, त्यात सरांचं कौतुक आहे. शेवटची दोन मी सोमवारपासून तीन वेळा फाडली आणि तीन वेळा लिहिली, आणि ती वाचायची की खिशात ठेवायची हे मघाशी माझ्या खांद्यावर ही चादर घातली जात होती तेव्हासुद्धा माझं ठरलेलं नव्हतं. आपल्याकडं सत्काराला शालीऐवजी चादर देतात, ती अंगावर पडली की उबदार वाटतं. आज मला घाम फुटला. म्हणून ती काढून खुर्चीवर ठेवली आहे, कृपया कुणी गैरसमज करून घेऊ नका.

माझ्या मागं हा फलक आहे. मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'सोलापूरच्या लेकीनं ऐकला परग्रहाचा आवाज! दीक्षा शिवशरण यांचा भव्य सत्कार.' त्याखाली लहान अक्षरांत, 'तसेच श्री. म. शि. हत्तुरे यांना निरोप.' अध्यक्षांची क्षमा मागून बोलते, अण्णा, हे 'तसेच' मला आल्यापासून टोचतंय. छत्तीस वर्षं ज्यांनी या इमारतीत नोकरी केली त्यांच्या वाट्याला 'तसेच' यावं का? माझा फोटो दाराएवढा आणि सरांचा पासपोर्टएवढा? फलक करणाऱ्याचा दोष नाही, त्याला जे लिहून दिलं ते त्यानं छापलं. पण हे कुणीतरी म्हणायला हवं होतं.

आणि दुसरं असं की फलकावरची वरची ओळ खरी नसण्याची शक्यता आहे.

हे मी आत्ताच सांगून टाकते, नाहीतर शेवटपर्यंत सांगणार नाही. मी ज्या शोधासाठी इथं उभी आहे, जो वर्तमानपत्रात आला, ज्याच्यावरचा शोधनिबंध छापायला स्वीकारला गेला आहे, ज्याच्या जोरावर मला पुढच्या वर्षी परदेशात काम करण्याची संधी मिळाली आहे, तो शोध चुकलेला असू शकतो. का, ते सांगण्यासाठी मला सरांबद्दलच बोलावं लागेल, त्यामुळं विषयांतर होणार नाही. तुम्ही कुजबुज करा, मला चालेल, पण उठून जाऊ नका.

तर, हत्तुरे सर. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. पहिलं प्रॅक्टिकल फोटोसेलचं. ज्यांनी विज्ञान घेतलं नाही त्यांच्यासाठी सांगते, एक लांब लाकडी पेटी असते, तिच्या एका टोकाला बल्ब आणि दुसऱ्या टोकाला उजेड मोजणारं उपकरण. बल्ब लांब सरकवत न्यायचा आणि सुई किती उतरते ते लिहायचं. मी मन लावून वीस आकडे लिहिले, वर सुबक अक्षरात तारीख घातली आणि कागद सरांपुढं धरला. या प्रयोगशाळेची रीत अशी होती की प्राध्यापकांची सही नंतर, आधी आकड्यांचा कागद सरांच्या टेबलावरून जायचा. कॉलेजच्या कुठल्याही नियमात हे नव्हतं, पण छत्तीस वर्षं कुणी मोडलं नाही. ठीक असेल तर सर कोपऱ्यात पेन्सिलनं बारीक 'ह' काढायचे. ठीक नसेल तर पेन्सिलनंच लिहायचे, 'पुन्हा करा'.

सरांनी माझ्या आकड्यांकडं पाहिलंच नाही. तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तारीख हाय, वार कुटं हाय?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. वाराचा आणि बल्बचा काय संबंध? मी तसं म्हटलंही. त्यांनी कागदावर 'पुन्हा करा' लिहिलं आणि पेटीकडं बोट दाखवलं. नुसता वार लिहून दिला असता तर चाललं नसतं, वीसच्या वीस आकडे पुन्हा घ्यायचे. आमच्या वर्गात त्यांचं नाव 'वारकरी' पडलं होतं. सर, तुम्हाला हे माहीत होतं का? हसताय म्हणजे माहीत होतं.

वाराचं कारण मला दुसऱ्या वर्षी कळलं, तेही काकूंकडून, हळदीकुंकवाला गेले होते तेव्हा. सर नोकरीला लागले त्याच्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट. एका तुकडीच्या पोरांचे फोटोसेलचे आकडे पुस्तकाबरहुकूम यायचे आणि दुसऱ्या तुकडीचे दरवेळी घसरलेले. तेव्हाच्या एका प्राध्यापकांनी ठरवून टाकलं की दुसरी तुकडी आळशी आहे, अंदाजपंचे आकडे भरते. त्या तुकडीत बरीचशी मुलं मागांवर काम करून शिकणारी होती, त्यामुळं ते पटायलाही सोपं गेलं. त्यांना परीक्षेला बसू द्यायचं नाही असं ठरत होतं.

सरांचे वडील शिवलिंगप्पा, भवानी पेठेत पॉवरलूमवर होते. सर लहानपणी त्यांना जेवणाचा डबा द्यायला जायचे. त्यांना एवढं ठाऊक होतं की माग चालू असताना घरातला बल्ब पिवळा पडतो आणि मागांच्या सुट्टीच्या वारी तोच बल्ब डोळ्यांवर येतो. कॉलेजची वीजही तेव्हा त्याच बाजूनं यायची. सरांनी दोन महिने नुसता नोंदवहीत तारखेपुढं वार लिहिला, आणि एक दिवस ती वही प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. पहिल्या तुकडीचं प्रॅक्टिकल मागांच्या सुट्टीच्या वारी यायचं आणि दुसरीचं माग चालू असताना. पोरं खरे आकडे लिहीत होती, बल्बच मंद होता.

ती तुकडी परीक्षेला बसली. त्यातले दोघे आज या सभागृहात आहेत, त्यांनी मघाशी बाहेर मला सांगितलं. पुढं स्टॅबिलायझर आला, वीज सुधारली, कित्येक माग बंद पडले, पण सरांनी वार सोडला नाही.

मला पाणी मिळेल का जरा? ... धन्यवाद.

आता एक तक्रार करते, कारण निरोपाच्या भाषणात नुसतं गोड बोलायचं असं कुठं लिहिलेलं नाही. तिसऱ्या वर्षाला मी हट्ट धरला की आपण गुरू ग्रहाकडून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडायच्या. गुरू अशा लहरी सोडतो आणि त्या साध्या तारेवर, जुन्या शॉर्टवेव्ह रेडिओवर पकडता येतात असं मी वाचलं होतं. कुणी लक्ष दिलं नाही. सरांनी गच्चीवर दोन बांबू रोवले, तार ताणली. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर शिपाईमामांनी तिच्यावर प्रयोगशाळेची धुतलेली फडकी वाळत घातलेली. तर फडकी काढून आम्ही पहाटे, मागांची पाळी सुरू व्हायच्या आत, कानाला हेडफोन लावून बसायचो. एका पहाटे अकरा मिनिटं आवाज आला. किनाऱ्यावर लाटा याव्यात तसा. मी रडले होते. खरंच रडले होते.

मी प्रकल्पात लिहिलं, गुरू ऐकला. सरांनी कागद परत दिला, त्यावर पेन्सिलनं, 'पुन्हा करा'. त्यानंतर नऊ पहाटे आम्ही बसलो आणि एकदाही काही आलं नाही. सर म्हणाले, एकदा आलेलं लिहायचं न्हाय. मी म्हटलं, तुम्हाला माझं चांगलं बघवत नाही. हे मी त्यांना म्हणाले होते, काकूंसमोर. महिनाभर बोलले नाही. आणि आज माझ्या सन्मानाच्या दिवशी कबूल करते, त्या रागातूनच मी पुण्याला रेडिओ खगोलशास्त्र शिकायला गेले. मला असा ग्रह ऐकून दाखवायचा होता ज्याच्यावर कुणी पेन्सिल चालवणार नाही.

मी काय शोधते ते दोन वाक्यांत सांगते. आपल्या सूर्याभोवती ग्रह आहेत तसे इतर ताऱ्यांभोवतीही आहेत, हजारो सापडले आहेत. गुरूसारख्या ग्रहाला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असतं, ताऱ्याकडून आलेले कण त्यात सापडले की रेडिओ लहरी निघतात, आणि अशा लहरी परक्या ग्रहाकडून आल्या तर समजेल की त्यालाही असं कवच आहे. जगभर लोक हे शोधतायत. संशय यावा असं काहींना मिळालं आहे, पण सगळ्यांना पटेल असं पक्कं अजून कुणाच्या हाती नाही. आणि हो, लहरी कानांनी ऐकत नाहीत, त्यामुळं फलकावरचा 'ऐकला' हा शब्दही बरोबर नाही. असो. मी आज सगळ्यांच्याच चुका काढत सुटले आहे.

आमचा ग्रह त्याच्या ताऱ्याभोवती साडेतीन दिवसांत फिरतो. हिशेब असा की तो एका ठरावीक जागी आला की लहरी आपल्या बाजूला येतील. ती जागा साधून गेल्या वर्षी दिवाळीच्या आगेमागे मी तिथल्या रेडिओ दुर्बिणीची वेळ मागितली. बाकीच्या वारी संध्याकाळी इतरांची गर्दी होती, म्हणून मला आठवड्यातून एक संध्याकाळ मिळाली. साडेतीन दुणे सात. दर सात दिवसांनी ग्रह त्याच जागी, त्यामुळं माझं काहीच बिघडत नव्हतं. चार वेळा पाहिलं. चारही वेळा संकेत आला, साधारण पाऊण तास, आणि थांबला. ग्रह दुसरीकडं असताना इतर वारी, भर दुपारी मिळालेल्या उरल्यासुरल्या वेळेत पाहिलं तर शांत. तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? जागेवर आला की बोलतो, जागा सोडली की गप्प. आम्ही शेजारच्या आकाशाचा तुकडाही तपासला होता. संकेत ग्रहाचाच असेल तर तिथं काही दिसायला नको, पण तिथंही थोडंसं काही दिसलं, अगदी पुसट. ते मी तळटीपेत लिहिलं. तळटीपेत, सर. तेव्हाच माझं मन खायला हवं होतं. खाल्लंही असेल, पण मी लक्ष दिलं नाही.

आमच्याकडं तारखा लिहीत नाहीत. एका फार जुन्या दिवसापासून दिवस मोजत आणलेले असतात, सध्या चोवीस लाख साठ हजारांच्या पुढं गेलेत. सगळ्या जगाला एकच आकडा, सोयीचं पडतं. त्यात महिना नाही आणि वारही नाही. माझ्या चार नोंदींमधलं अंतर सात, सात आणि चौदा. मला त्या साताच्या पाढ्यात ग्रहाच्या दोन फेऱ्या दिसल्या. सरांना आठवडा दिसला असता.

गेल्या रविवारी मी हे भाषण लिहायला घरी बसले. सरांच्या वाराची गंमत लिहायची होती, म्हणून वाटलं, आपल्या शोधाचे वार काढून टाकावेत. सभागृहात सांगता येईल की बघा सर, ग्रह अमुक वारी सापडला. हशा येईल. दिवसांच्या आकड्यांवरून चार तारखा काढल्या. आमच्या घरी मागच्या वर्षीचं कॅलेंडर नव्याच्या मागं त्याच खिळ्याला असतं, आई टाकून देत नाही. त्या खिळ्यावर वडिलांनी माझी वर्तमानपत्रातली बातमी लॅमिनेट करून लटकवली होती. ती काढून बाजूला ठेवली, नवं कॅलेंडर काढलं, जुनं उघडलं. चारही तारखा लाल. चारही रविवार.

मी तिथंच उभी राहिले. कारण आमच्या दुर्बिणीजवळच्या गावात रविवारचा बाजार भरतो. संध्याकाळ झाली की विक्रेते बॅटरीवर स्वस्तातले एलईडी दिवे लावतात आणि माल संपला की आवरतात. तसले दिवे रेडिओ लहरी सांडतात, हे आमच्याकडं पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतात. किती वेळ जळतात? पाऊण तास, तासभर. आणि पुढचं ऐका. दुर्बीण आपोआप चालते, माणूस तिथं बसून राहायची गरज नसते. चारपैकी एका संध्याकाळी माझी नोंद सुरू होती आणि मी पिशवी घेऊन त्याच बाजारात होते. त्याच दिव्याखाली मी पेरू निवडत होते.

बाजाराचा काडीचाही दोष नाही. तो माझ्या ग्रहाच्या कितीतरी आधीपासून भरतो आहे. दिवे सगळ्यांना दिसत होते. मला वार दिसला नाही, आणि ज्या एकाच माणसानं मला तो बघायला शिकवलं होतं त्याची मी चेष्टा लिहायला बसले होते.

सोमवारी माझ्या मार्गदर्शक बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की तपासू या, तोवर समारंभात काही बोलू नकोस, सत्कार घे आणि ये. त्यांचं चूक नाही, त्या माझ्या काळजीनं बोलल्या. तपासायची वाटही सोपी होती. ग्रह साडेतीन दिवसांनी त्याच जागी येतो, मग एक फेरा सोडून मधला पकडायचा. नेमकं मोजलं तर साडेतीनाला काही मिनिटं कमी पडतात, ती साचत साचत तो मधला फेरा आता बुधवारी संध्याकाळी येतो, आणि बुधवारी बाजार नसतो. बाईंनी भांडून परवाची संध्याकाळ मिळवून दिली. सहकाऱ्यानं तिकडून नोंद घेतली आणि काल दुपारी मला पाठवली.

बुधवारी काहीच नाही. सगळं सपाट.

आता बाई म्हणतात, आणि ते खरं आहे, की गुरूसुद्धा रोज बोलत नाही, एका बुधवारच्या गप्प राहण्यानं काही सिद्ध होत नाही. मी काल रात्री जेवताना स्वतःला हेच सांगत होते. पण सर, मी तुमच्याकडं तीन वर्षं प्रॅक्टिकल केलंय. मला माझा आवाज ऐकू येत होता. चार रविवार मला पुरले होते आणि एक बुधवार पुरत नव्हता.

मी घरी सांगितलं. आई कणीक मळत राहिली. वडिलांनी एस.टी.च्या डेपोत तीस वर्षं इंजिनं उघडली आहेत, त्यांना मी हे समजावलं तर लगेच समजलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग आता लोकास्नी काय सांगायचं?" त्यांनी अख्ख्या डेपोत पेढे वाटले होते. आज सकाळी पाहिलं तर खिळ्यावर बातमी नव्हती. मला फार वाईट वाटलं, माझ्यामुळं त्यांच्यावर ही वेळ आली असं वाटलं. आई म्हणाली, "टाकली न्हाय गं. कपाटात ठिवलीय त्येनी, साडीच्या घडीत." म्हणून ते दोघं आज मागच्या रांगेत बसले आहेत. आबा, आई, तुम्हाला लपून बसायला लागू नये म्हणून मी हे बोलते आहे. मी कुणाला फसवलं नाही. मी घाई केली.

हा निबंध मागं घ्यावा असं मी काल रात्री उशिरा लिहून कळवलं आहे. परदेशातल्या लोकांनाही कळवलं. ते काय म्हणतील ते म्हणोत. भीती वाटते आहे, नाही असं नाही. तुम्ही बघताच आहात, या टेबलाचा कोपरा मी नखानं खरवडून ठेवलाय. महाविद्यालयाची माफी मागते.

अध्यक्ष महोदय, घड्याळाकडं माझं लक्ष आहे, फक्त दोन मिनिटं. सव्वातीन झालेत. कार्यालय पाचला सुटतं, म्हणजे हत्तुरे सर अजून पावणेदोन तास नोकरीत आहेत. त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय या प्रयोगशाळेतला कागद पुढं जात नाही. हा कागद मी आणला आहे. चार नोंदी आहेत, चारींपुढं वार लिहिला आहे, खाली पाचवी नोंद, बुधवार, शून्य. मी माइक घेऊन तिकडंच येते. काकू, जरा पाय घेता का? वायर आहे.

सर, हा तपासा. आणि एक मागणं आहे. तुम्ही सगळी वर्षं पेन्सिलनं लिहिलंत. आम्ही पोरं म्हणायचो, ते सहायक आहेत, पेनानं लिहायचा त्यांना अधिकार नाही. मला ते तेव्हाही आवडायचं नाही. आज हे माझं पेन घ्या. आज शेवटच्या दिवशी, सगळ्यांसमोर, प्राचार्या मॅडमच्या साक्षीनं, माझ्या कागदावर पेनानं लिहा.

... सर वाचतायत. पाच आकडे आहेत, पण ते पाचही वाचणार, थांबावं लागेल.

... पेनाचं टोपण लावून परत दिलं त्यांनी. आणि खिशातून पेन्सिल काढली.

सर काय म्हणाले ते मागं ऐकू गेलं नसेल, सांगते. मी विचारलं, पेन का नको? म्हणाले, "पेनानं नगं. उद्या खरं निघालं तर खोडता याया पायजे की."

थांबा, हे पेन आधी ठेवून देते.

सर, बारा वर्षं मला वाटत होतं की तुम्हाला अधिकार नव्हता म्हणून पेन्सिल. गुरूच्या कागदावरही तुम्ही पेन्सिलनंच लिहिलं होतं, आणि मी तो कागद फाडला होता.

सरांनी लिहिलंय ते वाचून दाखवते. 'पुन्हा करा.' खाली आजची तारीख, त्यापुढं शुक्रवार. आणि कोपऱ्यात कानडीत काहीतरी आहे, काकू हसतायत. 'मत्त माडु.' म्हणजे तेच, पुन्हा कर. ज्या पोरांवर सरांचा जीव होता त्यांनाच ते कानडीतून सांगायचे. मला पहिल्यांदा सांगितलं.

मला या मंचावर बोलावलंत, इतका वेळ मन लावून ऐकलंत, त्याबद्दल संस्थेची, अध्यक्षांची आणि मॅडमची मी ऋणी आहे. माझी मानाची चादर मी घरी नेणार आहे, कारण ती तुम्ही प्रेमानं दिली आहे, पण हा फलक तेवढा उतरवा आणि सरांच्या फोटोचा वेगळा, मोठा करून लावा. भाषणात कुणाचं नाव राहिलं असेल, मानाचा क्रम चुकला असेल, रागाच्या भरात एखादा शब्द जास्त गेला असेल, तर ते सगळं मोठ्या मनानं पोटात घाला. वरच्या ओळीतली चूक मात्र पोटात घालू नका. ती तपासायला परवा रविवारी संध्याकाळी मी त्या बाजारात जाते आहे, हातात अँटेना घेऊन. सर, उद्यापासून तुम्हाला सुट्टीच आहे. येणार असाल तर सकाळच्या गाडीची दोन तिकिटं काढते.

मान हलवली त्यांनी. दोन काढते.

सर, तुमच्याच शब्दांत नमस्कार, शरणु शरणार्थी. सर्वांना जय भीम. आणि दादा, ती ट्यूबलाइट आता लावली तरी चालेल.